शेवट कोणी लिहिला?

कादंबरी वाचून संपली की आपण पुस्तक मिटतो आणि बहुधा तिच्या शेवटाविषयीच बोलू लागतो. नायिकेचे काय झाले? तिला सुख लाभले की नाही? विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयी आणि तिच्या मनातील प्रेमाच्या ओढीविषयी ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्यांबाबत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते. नायिका मरण पावते, तीर्थक्षेत्री निघून जाते किंवा मन मारून मागे फिरते. हे वाचून काही जण म्हणतात, मर्यादा ओलांडल्यावर दुसरे काय व्हायचे? दुसरे काही जण लेखकालाच दोष देतात. इतकी तेजस्वी स्त्री उभी करून ऐन वेळी त्याचे धैर्य गळाले, असे त्यांना वाटते. अशा कादंबऱ्या मी अनेकदा वाचल्या आहेत आणि या दोन्ही मतांनी माझे समाधान झालेले नाही. त्या शेवटांकडे जरा थांबून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकाला अशी पहिली मोठी नायिका भेटली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातूनच ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी वाचकांसमोर आली. १८९३ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. तिचे मागणे किती लहान आहे! चार अक्षरे वाचता यावीत, नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता यावे, दिवसातून घटकाभर तरी कोणाचा धाक नसावा. मुंबईच्या बिऱ्हाडी तिला हे सुख थोडे दिवस मिळते. पुढे वैधव्य येते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. यमू कोणतीही मर्यादा ओलांडत नाही. तरीही घरच तिच्या अंगावर कोसळते.

यमूनंतरच्या काळात कादंबरीतील स्त्री बदलू लागली. नशिबी आलेले दुःख सांगणाऱ्या स्त्रीच्या जागी ‘मला हे हवे आहे’ असे मनाशी म्हणणारी स्त्री दिसू लागली. हा बदल बंगालमध्ये दिसला, महाराष्ट्रात दिसला आणि दूर अमेरिकेतही दिसला. यांतील तीन नायिकांचा विचार येथे करू.

पहिली नायिका विनोदिनी. रवींद्रनाथ टागोरांची ‘चोखेर बाली’ ही कादंबरी १९०१ पासून ‘बंगदर्शन’ मासिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १९०३ साली तिचे पुस्तक झाले. ‘चोखेर बाली’ म्हणजे डोळ्यात गेलेला वाळूचा कण. विनोदिनीच्या वडिलांनी तिला शिकवण्यासाठी मिशनरी बाई ठेवली होती. ती वाचते, लिहिते, सुरेख शिवणकाम करते, घर उत्तम चालवते. कलकत्त्याच्या महेंद्रसाठी तिचे स्थळ सुचवले गेले होते, पण त्याने तिला न पाहताच नकार दिला. त्याचा मित्र बिहारी यानेही नकार दिला. अखेर तिचे लग्न दुसऱ्याच कोणाशी झाले आणि थोड्याच काळात ती विधवा झाली. पुढे महेंद्रची आई राजलक्ष्मी तिला आपल्या घरी घेऊन येते. ज्या घराची ती सून व्हायची, त्याच घरात आता ती आश्रित म्हणून राहू लागते. तेथे महेंद्रची भोळी, अल्पशिक्षित पत्नी आशा हिच्याशी तिची मैत्री जमते आणि दोघी थट्टेने एकमेकींना ‘चोखेर बाली’ म्हणू लागतात.

या कादंबरीतील एक प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. महेंद्र घर सोडून दुसरीकडे राहायला जातो. आशाला त्याला पत्र लिहायचे असते, पण मनातले शब्दांत मांडणे तिला जमत नाही. ती विनोदिनीची मदत घेते. पत्राखाली नाव आशाचे असते, भाषा मात्र विनोदिनीची. तिला स्वतःच्या नावाने प्रेमाचे एक अक्षरही लिहिण्याचा अधिकार नाही. मन आहे, शब्द आहेत, लिहिणारा हात आहे, पण सही करायला जागा नाही. विधवेच्या कोंडीचे वर्णन करणारी कितीही भाषणे ऐकली, तरी या एका प्रसंगातून जे समजते ते त्यांतून समजणार नाही.

विनोदिनी काही निष्पाप देवी नाही. ती मत्सर करते, डाव खेळते, दुसरीचा संसार मोडण्यापर्यंत जाते. टागोरांनी तिचे हे रूप झाकलेले नाही. तिच्या ठायी असलेली बुद्धी, रसिकता आणि कर्तृत्व यांना बाहेर पडायला एकही सरळ वाट नव्हती. वाहते पाणी अडवले, की ते कोठून तरी वाट काढते आणि कधी कधी भिंतही पाडते. पुढे महेंद्र तिच्यासाठी घर सोडतो, पण तिचे मन बिहारीकडे वळलेले असते. अखेर बिहारी तिला लग्नाविषयी विचारतो. नेमक्या त्या क्षणी ती नकार देते. आपल्याशी लग्न केल्याने समाजात त्याची मान खाली जाईल, असे तिला वाटते. ती अन्नपूर्णेबरोबर काशीला निघून जाते.

दुसरी नायिका त्याच काळातील, पण न्यूयॉर्क शहरातील आहे. एडिथ व्हॉर्टन या अमेरिकन लेखिकेची ‘द हाउस ऑफ मर्थ’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली. नायिका लिली बार्ट एकोणतीस वर्षांची, अविवाहित आणि अतिशय देखणी आहे. वडिलांचे दिवाळे निघाले, आईवडील दोघेही गेले, आता ती श्रीमंत आत्याच्या आधाराने राहते. तिच्यावर वैधव्याची बंधने नाहीत. ती हवे ते कपडे घालते, पार्ट्यांना जाते, परदेशी प्रवास करते. वरवर पाहता विनोदिनीशी तिची तुलनाच होणार नाही.

कादंबरीच्या आरंभी लिली आपला मित्र लॉरेन्स सेल्डन याच्या बिऱ्हाडी चहाला जाते. दोनतीन खोल्या, पुस्तके, एक जुनी खुर्ची, एवढाच त्याचा थाट आहे. पण स्वतःची अशी जागा असणे किती सुखाचे, हा विचार लिलीच्या मनात घर करतो. सेल्डन वकील आहे, फारसा श्रीमंत नाही, तरी त्याला एकटे राहता येते. लिलीला ते शक्य नाही, कारण तिला लग्न करायचे आहे आणि लग्नाच्या बाजारात एकट्या राहणाऱ्या मुलीची किंमत उतरते. त्या घरातून बाहेर पडताना तिला एक ओळखीचा गृहस्थ भेटतो आणि ती गडबडीने खोटे कारण सांगते. अर्धा तास चहा प्यायला म्हणून खोटे बोलावे लागते! तिच्या स्वातंत्र्याची लांबीरुंदी लेखिकेने या एका प्रसंगात मोजून दाखवली आहे.

पुढची कथा बरीचशी पैशाच्या हिशेबाची आहे. लिलीला उच्चभ्रू समाजात वावरायचे तर उंची कपडे हवेत, पत्त्यांच्या खेळात हरायलाही पैसे हवेत. मैत्रिणीचा नवरा गस ट्रेनर तिचे पैसे शेअरबाजारात गुंतवतो, असे ती समजते. प्रत्यक्षात तो आपल्याच खिशातले पैसे देत असतो आणि त्याचा मोबदला मागतो. सत्य कळते तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे नऊ हजार डॉलरचे ओझे झालेले असते. त्यातच बर्था डॉर्सेट नावाची श्रीमंत स्त्री स्वतःचे प्रेमप्रकरण झाकण्यासाठी लिलीची बदनामी करते. आत्या मृत्युपत्रात तिला फक्त दहा हजार डॉलर ठेवते आणि बाकीची सगळी मालमत्ता दुसऱ्या नातेवाईक स्त्रीला देते. लिली टोप्या तयार करणाऱ्या दुकानात कामाला लागते, पण तिची बोटे त्या कामाला सरावलेली नाहीत. तिला सुंदर दिसायला शिकवले होते, कमवायला कोणी शिकवले नव्हते.

असे असूनही तिच्या हाती एक शस्त्र असते. बर्थाने पूर्वी सेल्डनला लिहिलेली प्रेमपत्रे तिला मिळालेली असतात. ती दाखवण्याची नुसती धमकी दिली असती, तरी गेलेली प्रतिष्ठा परत मिळाली असती. लिली ती पत्रे जाळून टाकते. आत्याचे पैसे हाती येताच ती ट्रेनरच्या नावाने धनादेश लिहिते, म्हणजे ऋण फेडल्यावर तिच्याजवळ जवळजवळ काहीच उरत नाही. त्याच रात्री झोपेचे औषध अधिक प्रमाणात घेतल्याने तिचा मृत्यू होतो. हे जाणूनबुजून झाले की चुकून, याचे स्पष्ट उत्तर लेखिका देत नाही.

लिलीच्या आयुष्याच्या शेवटच्या संध्याकाळचा एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. थकून बागेतील बाकावर बसलेल्या लिलीला नेटी स्ट्रदर नावाची कामगार स्त्री ओळखते. एके काळी लिलीने तिच्या आजारपणात पैशांची मदत केलेली असते. नेटीचीही एका पुरुषाने फसवणूक केलेली होती, पण पुढे सर्व ठाऊक असूनही एका साध्या माणसाने तिच्याशी लग्न केले. नेटी तिला आपल्या स्वयंपाकघरात नेते आणि तान्ही मुलगी तिच्या मांडीवर देते. दिवाणखान्यांच्या झगमगाटात लिलीला जी ऊब कधी मिळाली नाही, ती त्या गरिबाच्या चुलीजवळ क्षणभर मिळते.

तिसरी नायिका मराठीतील आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घराला हातभार लावणाऱ्या, पण लग्न लांबलेल्या तरुणींच्या मनाची घुसमट त्यात इतक्या उघडपणे मांडली होती, की हे लिहिणारी स्त्री कोण, याचीच चर्चा अधिक झाली. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांना टोपणनाव घ्यावे लागले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विनोदिनीने आपले मन आशाच्या नावाखाली लिहिले, आणि तीस वर्षांनंतरही एका सुशिक्षित लेखिकेला मनातले खरे लिहिण्यासाठी दुसरे नाव धारण करावे लागले.

१९३४ साली त्यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. तिची नायिका अचला हिला पतीने टाकलेले आहे. तिच्या आयुष्यात विराग येतो आणि लग्नाचा विधी नसताना दोघे एकत्र राहण्याचे ठरवतात. ते लग्न का करत नाहीत, असे आजचा वाचक सहज विचारील. त्याचे कारण त्या वेळच्या कायद्यात आहे. मुंबई प्रांतात हिंदू पुरुष एक पत्नी असताना दुसरी करू शकत होता, पण धर्मविधीने लग्न झालेल्या अचलासारख्या स्त्रीला घटस्फोट मिळण्याची सोय नव्हती. नवऱ्याने टाकले तरी ती त्याचीच पत्नी राहायची. अचलाला प्रेम हवे आहे, मातृत्व हवे आहे आणि समाजाच्या नजरेला नजर देऊन जगायचे आहे. या तीन इच्छांच्या मध्ये तिचे मन झोके घेत राहते.

तिघींच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येकीचा कोंडमारा वेगळ्या ठिकाणी झालेला आहे. विनोदिनीच्या बाबतीत कायदा आड येत नव्हता. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी १८५६ सालीच विधवाविवाह कायदेशीर झाला होता. परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क सोडावा लागे, आणि लोकांच्या नजरेतील कलंक तर कोणताच कायदा पुसू शकत नव्हता. लिलीला समाजात वावरण्याची मुभा होती, पण कमाईचे साधन नव्हते. अचलापाशी शिक्षण आणि निर्धार होता, पण कायदा तिच्या विरुद्ध होता. कायदा, कमाई आणि लोकमत अशा तीन कड्या असलेले हे दार होते. एक कडी निघाली, तरी उरलेल्या दोन दार घट्ट धरून ठेवत.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. या तिन्ही नायिका प्रतिष्ठित किंवा पांढरपेशा वर्गातील आहेत. त्याच काळात महाराष्ट्रातील अनेक कष्टकरी जातींत काडीमोड होत असे आणि विधवेचा पाटही लागत असे. शेतात, गिरणीत, बाजारात राबणाऱ्या स्त्रीला कमाईसाठी कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती, कारण तिच्या कमाईवाचून चूल पेटत नव्हती. म्हणून तिचे जीवन सुखाचे होते असे नव्हे. तिच्या वाट्याला उपासमार, मारहाण आणि जातीची अवहेलना होती. परंतु ज्या घरांना आपल्या रीतिरिवाजांचा सर्वांत अधिक अभिमान होता, त्यांच्याच स्त्रिया सर्वांत अधिक बांधलेल्या होत्या, हे सत्य उरतेच. नेटीच्या स्वयंपाकघराचे दृश्य लिहिताना व्हॉर्टनबाईंनी तिकडच्या समाजातील असेच एक सत्य टिपले आहे.

आता पुन्हा शेवटाकडे वळू. विनोदिनीला काशीला पाठवणारे टागोर स्वतः विधवाविवाहाच्या विरोधात होते काय? मुळीच नाही. १९१० साली त्यांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याचा विवाह प्रतिमादेवी या तरुण विधवेशी करून दिला. ‘चोखेर बाली’च्या शेवटाविषयी पुढे त्यांनी स्वतःच खंत व्यक्त केली. ज्या माणसाने आपल्या घरात विधवा सून आणली, त्याला सात वर्षांपूर्वी कागदावर एका विधवेचे लग्न लावता आले नाही. एडिथ व्हॉर्टन यांचेही असेच. लिलीला मार्ग सापडला नाही, पण लेखिकेने स्वतः १९१३ साली दुःखी विवाहातून घटस्फोट घेतला, फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे आयुष्य काढले आणि १९२१ साली कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

मग त्यांनी आपल्या नायिकांना सुख का दिले नाही? मला वाटते, कादंबरीकाराला कागदावर काहीही लिहिता येते हा आपला समज अपुरा आहे. ती घटना वाचकाला खरी वाटली पाहिजे. १९०३ सालच्या वाचकाला विनोदिनीचे सुखी घर डोळ्यांसमोर आणता आले असते का? तिच्या दारी शेजारीण आली असती का? तिच्या मुलांच्या मुंजीला, लग्नाला कोण जेवायला बसले असते? या प्रश्नांची उत्तरे समाजापाशी नव्हती, म्हणून लेखकापाशीही नव्हती. त्या शेवटावर नाव लेखकाचे असले, तरी तो लिहिताना सारा समाज त्याच्या हाताला धरून बसला होता.

असे असले तरी लेखकाने आपले काम शेवटापूर्वीच केलेले असते. तीनशे-चारशे पाने वाचक विनोदिनीच्या मनात राहतो, लिलीबरोबर पैशांची जुळवाजुळव करतो, अचलाबरोबर अस्वस्थ होतो. त्यानंतर काशीचे शेवटचे पान येते तेव्हा तो ‘बरे झाले’ असे सहजासहजी म्हणू शकत नाही. त्याच्या डोळ्यात वाळूचा कण गेलेला असतो आणि तो खुपत राहतो. सुखाचा शेवट वाचून वाचक निश्चिंत झोपला असता. या अपुऱ्या शेवटाने त्याला विचारात पाडले, आणि घराघरांत, वाचनालयांत, मासिकांच्या पानांवर वाद सुरू झाले.

कादंबऱ्यांत वाट सापडत नव्हती तेव्हा काही माणसे ती प्रत्यक्षात तयार करत होती, हेही विसरता येत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर तो वाढवला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या विधवा होत्या. मोठ्या वयात शिकून त्यांनी आश्रमासाठी गावोगाव निधी जमवला. पुढे त्या अमेरिकेतही गेल्या आणि तेथे परक्या घरांत कामे करून आपला निभाव लावला. मालतीबाई बेडेकर यांचे शिक्षणही कर्व्यांच्याच संस्थेत झाले. यमूला दोन अक्षरांसाठी जीव टाकावा लागला. पुढच्या पिढीतील एक मुलगी त्या अक्षरांच्या बळावर लेखिका झाली.

दारावरच्या कड्याही हळूहळू निघाल्या. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क मिळाला. मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर एकपत्नीत्व आणि घटस्फोट मान्य झाले, १९५६ साली स्त्रीला वारसाहक्क मिळाला आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच वाटेकरी झाली. यांतील एकही हक्क विनोदिनीच्या किंवा अचलाच्या काळात नव्हता. लोकमताची कडी मात्र अजून पुरती निघालेली नाही. एकट्या स्त्रीला भाड्याने खोली मिळवताना आजही किती प्रश्नांना तोंड द्यावे लागते, हे अनेकींना अनुभवाने ठाऊक आहे. लिलीला सेल्डनच्या खोल्यांचा हेवा वाटला, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत.

म्हणून या कादंबऱ्या वाचताना शेवटच्या पानावर निकाल देण्याची घाई करू नये. नायिका चुकली की बरोबर होती, एवढे ठरवून आपण मोकळे होतो, पण त्या वेळी तिच्यासमोर कोणत्या वाटा होत्या, त्या कोणी अडवल्या होत्या आणि आज त्यांतील किती खुल्या आहेत, हा हिशेब आपणच मांडायचा असतो. काहींचे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले असते आणि पुष्कळ वर्षांनी ते पुन्हा पुस्तक हाती घेतात. त्यांना हा हिशेब इतरांपेक्षा लवकर उमगेल, असा माझा विश्वास आहे. अडलेली वाट म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.